परक्या छावणीतील आपली माणसे

अमेरिकेला जगाच्या पाठीवर कोठेही लष्करी तळ उभा करायचा झाला की दोन फौजा न्याव्या लागतात. एक बंदुकीची. दुसरी झाडूची, पातेल्यांची आणि मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांची. पहिल्या फौजेतला जवान मेला तर त्याच्या गावात झेंडा अर्ध्यावर येतो. दुसऱ्या फौजेतला मेला तर लाकडी पेटी विमानतळाच्या मालवाहतुकीच्या दारातून बाहेर येते आणि ती घ्यायला आलेल्या भावाची आधी कागदावर सही घेतली जाते.

ही दुसरी फौज लहानसहान नाही. २००८ साली अमेरिकन काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने मोजदाद केली, तेव्हा इराक आणि शेजारच्या देशांत कंत्राटदारांची सुमारे १ लाख ९० हजार माणसे काम करीत होती. म्हणजे जवळजवळ सैनिकांइतकीच! त्यांत अमेरिकन नागरिक फक्त पाचवा हिस्सा. बाकी कोण? काही इराकी, आणि उरलेले नेपाळी, फिलिपिनो, बांगलादेशी, श्रीलंकेचे, आफ्रिकेतले आणि आपले भारतीय. अमेरिकन लष्कराच्या दफ्तरी या माणसांना 'थर्ड कंट्री नॅशनल' म्हणतात. ज्याचे युद्ध तोही नव्हे, ज्याच्या भूमीवर युद्ध तोही नव्हे, असा तिसऱ्याच देशाचा माणूस. ब्राऊन विद्यापीठातील अभ्यासकांच्या अंदाजानुसार २००१ नंतरच्या अमेरिकेच्या युद्धांत कंत्राटदारांची सुमारे आठ हजार माणसे मेली, आणि ही संख्या त्याच युद्धांत मेलेल्या अमेरिकन सैनिकांपेक्षा जास्त आहे. त्यांच्या नावाचा स्तंभ आम्ही कोठे पाहिला नाही.

हा विषय आम्ही या स्तंभात का घेतला, असे वाचक विचारतील. घेतला, कारण या दुसऱ्या फौजेच्या भरतीचे एक दार आमच्या नवी मुंबईत आहे. बेलापूर, नेरूळ, वाशी, पनवेल या पट्ट्यात रेल्वे स्टेशनवरच्या आणि आसपासच्या व्यापारी संकुलांत एकेका खोलीची कार्यालये आहेत. काचेवर विमानाचे चित्र, खाली 'गल्फ', 'शिप', 'कॅटरिंग', 'अर्जंट'. मर्चंट नेव्हीत लावतो म्हणून पोरांचे लाखो रुपये घेऊन एका रात्रीत टाळे ठोकणाऱ्या अशा दुकानांचे गुन्हे नवी मुंबई पोलिसांकडे वर्षानुवर्षे नोंदले जात आहेत. सगळेच एजंट लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही. सरकारी परवाना घेऊन नीट धंदा करणारेही आहेत. पण परवानाधारक एजंट स्वतः वस्तीत उतरत नाही. वस्तीत येतो तो त्याचा 'सब-एजंट', म्हणजे आपल्याच ओळखीचा, आपल्याच गावाकडचा, कधी कधी तर गळ्यात निळा गमछा घातलेला माणूस. कायद्याच्या वहीत त्याचे नाव कोठेच नसते.

आणि जातात कोण? तुर्भे स्टोअर्स, दिघा, रबाळे, घणसोली येथील झोपडपट्ट्यांतली पोरे. त्यांचे आजे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून इथल्या दगडखाणींवर आले. बाप एमआयडीसीत कंत्राटावर राबले, किंवा महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर. नातू दहावी-बारावी झाला, आयटीआय केला, आणि पुन्हा कंत्राटदाराच्याच दारात उभा राहिला. खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरण या तीन शब्दांची 'खाउजा' म्हणून आपण भाषणात टिंगल करतो. या पोराच्या आयुष्यात ते तिन्ही शब्द एकाच कागदावर येतात, आणि तो कागद इंग्रजीत असतो.

एजंट 'लष्करी तळ' हा शब्द कधीच उच्चारत नाही. तो 'कॅम्प' म्हणतो. आखाती देशांत मजुरांच्या राहण्याच्या जागेलाही कॅम्पच म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वावगे वाटत नाही. कुवेतला उतरल्यावर, गळ्यात बिल्ला अडकल्यावर आणि पहिल्या फाटकावर कुत्र्याने अंग हुंगल्यावर कळते की हा कॅम्प निराळा आहे.

वकिली करताना आम्हांला अशी काही माणसे भेटली. त्यांच्याकडून आम्ही जे ऐकले, ते बाहेरच्या पत्रकारांनी लिहून ठेवलेल्या हकीकतींशी तंतोतंत जुळते. कुवेतमध्ये महबूला, मंगाफ अशा भागांतल्या इमारतींत एका खोलीत सहा-आठ जणांचे बिऱ्हाड. पहाटे साडेतीनला बस. फाटकावर तपासणीची रांग, उन्हाळ्यात तीही घाम काढणारी. मग बारा तासांची पाळी. कोणी भटारखान्यात, कोणी धुलाईत, कोणी संडास उपसणाऱ्या टँकरवर. इराक किंवा अफगाणिस्तानातल्या तळावर असेल तर राहणेही आतच, लोखंडी कंटेनरमध्ये एकावर एक पलंग टाकून. सुट्टी कागदावर आठवड्याची, प्रत्यक्षात महिन्याची. भोंगा वाजला की सैनिक अंगात चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून खंदकात जातो; भांडी घासणाऱ्याने हातातला साबण तसाच घेऊन त्याच्या मागे पळायचे, चिलखत त्याच्या करारात बसत नाही. मोबाइलवर फोटो काढायला बंदी. घरी सांगायचे, "हॉटेलात आहे, बरे आहे." बायकोला वाटते नवरा पंचतारांकित हॉटेलात आहे, आणि तिने तरी दुसरे काय समजावे?

तळावरचा कचरा उघड्या खड्ड्यात जाळण्याची पद्धत होती. इराकमधल्या बलाद येथील तळावर असा खड्डा सुमारे दहा एकरांचा होता. प्लॅस्टिक, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा, बॅटऱ्या, सगळे विमानाच्या इंधनात भिजवून पेटवायचे. त्या धुराने आजारी पडलेल्या आपल्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये मोठा कायदा केला आणि अनेक आजार धुरामुळेच झाले असे गृहीत धरले. चांगले केले. पण त्याच खड्ड्यात फावड्याने कचरा लोटणाऱ्या तिसऱ्या देशाच्या माणसाला त्या कायद्यात जागा नाही. धूर एकच होता, फुप्फुसे मात्र दोन प्रकारची ठरली!

आता एक गोष्ट नीट पाहू. तळावर बिल्ल्यांचे रंग असतात. कोणत्या रंगाच्या बिल्ल्याने कोणत्या भोजनगृहात बसायचे, कोणत्या दारातून जायचे, कोणाची झडती व्हायची, हे त्यावरून ठरते. वर अमेरिकन कंत्राटी, मग युरोपातले, मग फिलिपिनो, मग भारतीय-नेपाळी-बांगलादेशी, आणि तळाशी, बऱ्याच वेळा, त्याच भूमीचा मूळ रहिवासी, ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही. एकाच पातेल्यात हात घालणाऱ्या दोघांच्या पगारात दहापट फरक. आणि गंमत अशी की प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्यावर चिडण्याऐवजी खालच्याकडे पाहून समाधान मानतो. "आम्हांला निदान त्यांच्यासारखे अंग चाचपून आत सोडत नाहीत," हे वाक्य आम्ही एका परत आलेल्या माणसाच्या तोंडून ऐकले. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचा हा वाळवंटातला अवतार आहे. ही व्यवस्था टिकते कारण तिच्यात निव्वळ गुलाम असा कोणीच नसतो. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी ठेवलेला असतो. अमेरिकेच्या सेनापतींनी मनुस्मृती वाचली नसावी. त्यांना गरजही पडली नाही, स्वस्तात माणूस राबवायचा झाला की ही उतरंड आपोआप रचली जाते. शिवाय आपले एजंट आणि मुकादम आपली जातही विमानात घालून नेतात. भटारखाना कोणाला आणि संडास कोणाला, हे वाटप करणारा मुकादम भारतीय असला तर तो आडनाव विचारतो. परत आलेल्या दोघातिघांनी आम्हांला हे सांगितले आहे.

आंबेडकरी माणसाला छावणी ही काही परकी जागा नाही. बाबासाहेबांचा जन्मच १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते त्याला छावणीत गणवेश मिळाला, रोख पगार मिळाला, आणि मुलांना अक्षर मिळाले. पुढे ब्रिटिशांनी 'लढाऊ जातीं'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारला देण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा ती मागणी केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. सैनिक म्हणून नोंद व्हावी यासाठी आपल्या पूर्वजांनी अर्धशतक अर्ज केले, ते काही युद्धाच्या हौसेने नव्हे. सैनिक म्हणजे नाव, क्रमांक, पेन्शन आणि मेल्यावर विधवेचा हक्क. हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सैनिकाच्या मागे चालणारा जो दुसरा वर्ग होता त्याला ब्रिटिश 'फॉलोअर' म्हणत. भिस्ती, भंगी, धोबी, खानसामा, हमाल, खेचरवाला. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून साडेपाच लाखांहून अधिक असे बिगरलढाऊ लोक भरती केले गेले. त्यांतले पुष्कळ मुंबई बंदरातून बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकलाच गेले. पगार शिपायापेक्षा कमी, जखमी झाला तर भरपाई कमी, मेला तर नोंद अर्धवट. राधिका सिंघा यांनी या विस्मृत माणसांवर २०२० साली एक मोठा ग्रंथ लिहिला आहे, तो मराठीत यायला हवा. शंभर वर्षांनी त्याच बसऱ्याच्या वाटेने आपला नातू गेला. 'फॉलोअर'चा 'थर्ड कंट्री नॅशनल' झाला, एवढाच बदल. फरक असलाच तर तो उलट्या दिशेचा आहे. ब्रिटिश सरकार निदान स्वतः मालक होते. आजचा मालक कोण, हेच कामगाराला ठाऊक नसते. कंत्राट पेंटागॉनचे, मुख्य कंत्राटदार अमेरिकन, त्याचा उपकंत्राटदार कुवेती किंवा तुर्की, त्याला माणसे पुरवणारा दुबईचा, त्याला पुरवणारा मुंबईचा, आणि त्याचा हस्तक तुर्भ्याचा. प्रत्येक हातात थोडे थोडे पैसे राहतात आणि शेवटच्या हातात कर्ज राहते.

ही साखळी किती जीवघेणी आहे हे जगाला ऑगस्ट २००४ मध्ये कळले. नेपाळचे बारा तरुण जॉर्डनमध्ये हॉटेलची नोकरी म्हणून निघाले. त्यांना जॉर्डनमधून इराकमधल्या अल-असद हवाई तळाकडे, केबीआर या अमेरिकन कंपनीच्या एका जॉर्डनी उपकंत्राटदाराच्या कामासाठी, संरक्षणाविना मोटारींतून पाठवण्यात आले. वाटेत अतिरेक्यांनी पकडले आणि ३१ ऑगस्टला त्यांच्या हत्येचे चित्रण जगापुढे आणले. काठमांडूत दंगली उसळल्या. 'शिकागो ट्रिब्यून'चे वार्ताहर कॅम सिम्पसन यांनी २००५ मध्ये ही सारी साखळी उघड केली. त्याच वर्षी, २००४ मध्ये, केरळचे काही कामगार इराकमधल्या अमेरिकन छावणीतून पळून आले आणि त्यांनी आपल्याला फसवून तेथे नेल्याचे सांगितले. जुलैत तीन भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाले. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते सुटले.

यावर भारत सरकारने काय केले? इराकला कामगार जाण्यावर बंदी घातली. बंदी घालणे हा सरकारचा सर्वांत आवडता उपाय, कारण त्याला पैसे लागत नाहीत. माणसे जायची थांबली नाहीत. ती जॉर्डन, कुवेत, दुबई अशी वळसा घेऊन गेली, आणि आता त्यांचे जाणेच बेकायदेशीर ठरल्यामुळे अन्याय झाला तरी भारतीय वकिलातीच्या दारात उभे राहण्याची त्यांची हिंमत राहिली नाही. एजंटाला तर हे वरदानच ठरले. "तक्रार केलीस तर तूच आत जाशील," हे वाक्य त्याला सरकारनेच पुरवले. बंदी काही वर्षांनी उठली, वाक्य मात्र आजही वापरात आहे.

हे जुने झाले असेही कोणी समजू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा दोहामार्गे भारतात आणलेल्या माणसांत अफगाणिस्तानातील परदेशी कंपन्यांचे भारतीय कामगार होते. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने रशियन सैन्यात 'हेल्पर' म्हणून पोरे पाठवणाऱ्या टोळ्यांवर गुन्हा दाखल केला आणि मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. तिथे तर हेल्परच्या हातात बंदूकच दिली गेली, आणि काही भारतीय तरुण युक्रेनच्या आघाडीवर मेले. १२ जून २०२४ रोजी मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीयांचा मृत्यू झाला, त्यांत एक महाराष्ट्राचा होता. ती इमारत लष्करी कामगारांची नव्हती, पण राहण्याची तऱ्हा तीच. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अल-उदेद या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे डागली.

अशा नोकऱ्या करू नयेत, साम्राज्यवादी युद्धाला हातभार लावणे हे आंबेडकरी माणसाला शोभत नाही, असे आमचे काही विद्वान मित्र म्हणतात. बुद्धाने सांगितलेल्या सम्यक आजीविकेचा दाखला देतात. आम्ही त्यांना एवढेच सांगू की दाखला पुरता वाचावा. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत त्यांत शस्त्रांचा व्यापार आहे, आणि त्याच यादीत माणसांचा व्यापारही आहे. भांडी घासणारा व्यापार करीत नाही. व्यापार एजंट करतो, आणि त्यात विकला जाणारा माल म्हणजे तो भांडी घासणारा. दोन लाखांचे कर्ज फेडायला वाळवंटात गेलेल्या पोराला शीलाचे प्रवचन देण्याआधी त्याला इथे पंचवीस हजारांची पक्की नोकरी कोण देणार, हे विद्वानांनी सांगावे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या एका राज्याशी दहा हजार कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. घोषणा जर्मनीच्या होतात, तुर्भ्याचा पोरगा कुवेतलाच जातो.

आता कायद्याचे बोलू. हे वाचकांनी कात्री घेऊन कापून ठेवावे, एवढ्यासाठीच हा लेख आहे असे समजले तरी चालेल.

भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. या कायद्याखाली परवाना नसलेल्या कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. परवाना आहे की नाही ते परराष्ट्र खात्याच्या 'ई-मायग्रेट' या सरकारी यादीत पाहता येते. परवानाधारक एजंटालाही कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. एजंटावर खटला भरण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते असे पोलीस ठाण्यात सांगून माणसाला परत पाठवतात. हे अर्धसत्य आहे. फसवला गेलेला कामगार स्वतः, किंवा त्याचे आईवडील, पत्नी, मुले, भाऊबहीण तक्रार करीत असतील तर अशा परवानगीची गरज नाही, असे कलम २७ चे परंतुकच सांगते. ठाणे अंमलदाराला ते वाचून दाखवावे. शिवाय फसवून, कर्जात अडकवून माणसाला राबायला पाठवणे ही मानवी तस्करी ठरू शकते, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ त्यासाठीच आहे.

या कायद्यात एक मोठे भगदाड आहे. उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा यांची सक्ती आहे ती साधारणपणे दहावी न झालेल्यांना. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर तो शिक्का येत नाही. म्हणजे आपला पोरगा शिकला, आणि शिकल्यामुळेच सरकारच्या नजरेतून सुटला! विमा त्याला ऐच्छिक आहे. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. एजंट तो काढत नाही, कारण काढला तर नोंद राहते. २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये नव्या कायद्याचे मसुदे निघाले. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा एजंटांच्या संघटना पोचतात. आमच्या किती संघटना पोचल्या?

आणि आता जे जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही ते. अमेरिकन सरकारच्या कंत्राटावरील कामगाराकडून भरतीसाठी एक रुपयाही घेता येत नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सप्टेंबर २०१२ मध्ये तसा आदेश काढला आणि २०१५ पासून तो कंत्राटांच्या नियमांत आहे. पासपोर्ट काढून घेण्यालाही तेथे मनाई आहे. इराकमध्ये तर लष्कराने तसा हुकूम २००६ मध्येच काढला होता. म्हणजे भारत सरकार जिथे ३० हजारांची मुभा देते तिथे अमेरिकेच्या नियमाने शून्य आहे. तळावरच्या नोकरीसाठी दीड लाख मागणारा एजंट दोन्ही देशांचे नियम एकदम मोडत असतो.

दुसरे त्याहून मोठे. अमेरिकेत १९४१ पासून 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' आहे. परदेशी तळावरील कंत्राटदाराने, मग तो उपकंत्राटदार का असेना, प्रत्येक कामगाराचा विमा उतरवलाच पाहिजे. कामगार कोणत्या देशाचा आहे याला महत्त्व नाही. काम करताना पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या दोन तृतीयांश भरपाई आणि औषधोपचार. मृत्यू झाला तर विधवेला पगाराच्या निम्मे, मुले असल्यास दोन तृतीयांशपर्यंत. जखमीचा अर्ज एलएस-२०३ या नमुन्यावर आणि मृत्यूचा एलएस-२६२ वर, अमेरिकेच्या कामगार खात्याकडे. वकिलाची फी कामगाराकडून परस्पर उकळता येत नाही, तिला खात्याची किंवा न्यायाधीशाची मंजुरी लागते. त्या बारा नेपाळी तरुणांपैकी ज्यांच्या कुटुंबांनी दावा लढवला त्यांना २००८ मध्ये याच कायद्याखाली हक्क मिळाला. कंपनीवर मानवी तस्करीचा म्हणून लावलेला निराळा दावा मात्र अमेरिकन न्यायालयांत टिकला नाही. परदेशातल्या गुन्ह्याला लागू होणारी दुरुस्ती २००८ ची आणि घटना २००४ ची, असे कारण मिळाले.

या कायद्यातही विषमता शिल्लक आहेच. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परदेशी वारसाची पुढील भरपाई एकरकमी द्यायची झाल्यास हिशेबाने येणाऱ्या रकमेच्या निम्मीच देण्याची तरतूद त्यात आहे. अमेरिकन विधवेचे दुःख पूर्ण आणि आपल्या विधवेचे अर्धे! तरीही ते अर्धे आपल्या वस्तीतल्या हिशेबाने लाखांत जाते, आणि एजंट दहा-वीस हजार टेकवून कोऱ्या कागदावर अंगठा घेतो तेव्हा तो नेमका याच रकमेवर अंगठा घेत असतो.

बाबासाहेबांनी वेठबिगारी आणि माणसांचा व्यापार यांना संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बंदी घातली. अस्पृश्यतेच्या अनुच्छेद १७ इतकेच हेही आपले कलम आहे, पण १७ चे जेवढे स्मरण होते तेवढे २३ चे होत नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भुकेमुळे किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणे हीसुद्धा सक्तीचीच मजुरी होय. भूक ही बेडीच आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मग कर्ज ही बेडी नव्हे काय? काढून घेतलेला पासपोर्ट ही बेडी नव्हे काय? भारतीय भूमीवर, भारतीय एजंटाने, भारतीय नागरिकाला ही बेडी घातली असेल तर ती परदेशात जाऊन दिसली म्हणून अनुच्छेद २३ हात वर करू शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते उच्च न्यायालयापुढे मांडण्याची वेळ आली आहे. त्यासाठी कागद हवेत. आमच्याकडे माणसे येतात ती हातात काही नसताना.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक वही घ्या. विहारात ठेवा. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने जाण्यापूर्वी त्या वहीत एजंटाचे नाव, दिलेली रक्कम, साक्षीदार आणि विमानाची तारीख लिहावी. पासपोर्टची, व्हिसाची, कराराची एक प्रत घरी ठेवावी. करार दोन असतात, एक इथे सही करायचा आणि दुसरा तिथे उतरल्यावर पुढे येणारा. दुसऱ्याचा फोटो त्याच रात्री घरी पाठवावा, तोपर्यंत फोनवर बंदी आलेली नसते. तळावर पोचल्यावर मुख्य अमेरिकन कंत्राटदाराचे नाव विचारून घरी कळवावे, ते बिल्ल्यावर किंवा पगारपत्रकावर बहुधा असते. कारण दावा लावताना तुर्भ्याच्या हस्तकाच्या नावाचा काही उपयोग होत नाही, लागते ते हेच नाव.

अमेरिकन कायद्यात अपघाताची सूचना तीस दिवसांत द्यायची असते आणि दाव्याची मुदत साधारण एक वर्षाची आहे. आमच्याकडे दिघ्याहून एक भगिनी आल्या तेव्हा पतीच्या मृत्यूला चौदा महिने झाले होते. एजंटाने त्यांना हृदयविकाराचा दाखला आणि पंधरा हजार रुपये दिले होते. मुदत संपली असे सांगून त्यांना दोन ठिकाणांहून परत पाठवले होते. परंतु मालकाला मृत्यू ठाऊक असूनही त्याने खात्याकडे पहिला अहवालच पाठवला नसेल तर ती मुदत सुरूच होत नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. त्या अहवालाची प्रत आम्ही मागितली आहे, आणि एलएस-२६२ चा नमुना भरून पाठवला आहे.